मऊ कमान, पक्की पकड



आमचे सर एखादी जुनी गाडी बघायला गेले की आधी बॉनेट उघडत नसत. पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकवायचे, अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबायची आणि झटकन हात काढून घ्यायचे. मग मान जरा तिरकी करून बघत राहायचे. गाडी वर आली, किंचित जास्तच वर गेली आणि खाली येऊन थांबली, तर म्हणायचे, "जिवंत आहे." डुलतच राहिली तर, "शॉकअप गेले." आणि एवढा भार टाकूनही ती जागची हललीच नाही, तर त्यांचा चेहरा उतरायचा. नेमका त्याच वेळी मालक अभिमानाने सांगायचा, "बघा सर, इतक्या वर्षांनी अजून किती कडक आहे!"

या 'कडक' शब्दाशी सरांचं आयुष्यभर भांडण होतं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायला उभं राहायचं, तर त्याच भांडणावर बोलावं असं मला वाटलं. इंग्लंडमधले जाणकार 'विंटेज' हा शब्द काटेकोरपणे वापरतात. त्यांच्या लेखी १९१९ ते १९३० या काळातली गाडी तेवढी विंटेज. आपण तो शब्द सैल वापरतो. मीही आज १९३० च्या दशकात थोडा पुढे जाणार आहे, कारण विंटेज काळातल्या गाड्यांनी जो प्रश्न उभा केला त्याचं उत्तर त्या दशकात सापडलं.

प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाडीत बसणाऱ्याला आराम हवा की चाकाला रस्त्याची पकड हवी? आपण मनात एक तराजू धरलेला असतो. एका पारड्यात मऊ गादीसारखी, वळणावर कलंडणारी गाडी आणि दुसऱ्यात हाडं खिळखिळी करणारी, पण रस्त्याला चिकटून जाणारी गाडी. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जाणारच, अशी पक्की समजूत. माझं म्हणणं असं की विंटेज गाडीच्या बाबतीत हा तराजूच चुकीचा आहे. तिच्यात ज्या कारणाने हाडं दुखतात, बहुतेक वेळा त्याच कारणाने पकडही सुटते.

आधी थोडा हिशोब मांडतो, तो टाळून पुढे जाता येणार नाही. गाडीचं वजन कमानीवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगवर, आलं की कमान काही सेंटिमीटर बसते. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. गाडी सेकंदाला साधारण किती वेळा वर-खाली होईल, ते कळतं. २५ सेंटिमीटर बसणारी कमान सेकंदाला एक हेलकावा देते. ६ सेंटिमीटर बसणारी दोन देते. म्हणजे हेलकावा निम्म्या गतीचा करायचा, तर कमान चौपट बसायला हवी आणि तेवढी जागा गाडीखाली हवी. मोटारगाडीच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी आपल्या गाड्यांच्या कमानी इतक्या लवचीक ठेवल्या की गाडीचा हेलकावा माणसाच्या चालण्याच्या ठेक्याच्या जवळ यावा. यातली समज मला फार मोलाची वाटते. चालताना आपलं डोकं सेकंदाला दीड-दोन वेळा वर-खाली होतं आणि शरीर लहानपणापासून त्याला सरावलेलं असतं. सेकंदाला चार ते आठ वेळा हलवलं, की पोटातले अवयव आणि पाठीचा कणा तक्रार करू लागतात.

आता चाकाकडे या. कमानीच्या वर गाडी डुलते, खाली चाक आणि ॲक्सल वेगळ्याच तालात उडतात, सेकंदाला दहा-बारा वेळा. चाक उडालं की टायरवरचा भार क्षणात वाढतो, क्षणात घटतो. सरासरी काढली तर भार तेवढाच असतो, पण पकड सरासरीवर चालत नाही. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, ती जरा कमीच वाढते. भार तेवढाच घटला की मात्र मिळाली असती त्याहून जास्त जाते. शिवाय वळणावर आडवा जोर उभा करायला टायरला थोडं अंतर फिरावं लागतं. तो जोर धरेपर्यंत चाक पुन्हा उचललं गेलं, तर मिळवलेलं सगळं वाया. म्हणून पकड म्हणजे टायरवरचा भार सतत आणि सारखा राहणं. गाडी दाबून बघताना ती किती घट्ट वाटते याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

मग विंटेज गाडीत हा भार सारखा का राहत नाही? इथे मला पाट्यांपाशी जरा रेंगाळायचं आहे.

आपण 'पाटे' म्हणतो ती कमान मूळची घोडागाडीची. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट यांनी घोडागाडीसाठी लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. पुढे मोटार आली तेव्हा कमान तयारच होती. ती स्वस्त होती, ॲक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही तीच करत होती. पण पाट्यावर पाटा रचलेला असल्याने कमान वाकताना ते एकमेकांवर घासतात. नवी कमान, पाट्यांमध्ये ग्रीस, वर चामड्याचं आवरण, अशा अवस्थेत हे घर्षण सोसण्याजोगं असतं. वर्षानुवर्षं पाणी आणि धूळ आत गेली, गंज चढला, वरच्या पाट्याच्या टोकाने खालच्या पाट्यावर खाच पाडली, की कमान मोठ्या दणक्याशिवाय हलायचंच नाकारते. लहान खडा आला, रस्त्यावर बारीक लाटा आल्या, तर घर्षण मोडण्याइतका जोर त्यात नसतो. कमान लोखंडी ठोकळ्यासारखी वागते.

अशा वेळी गाडी तोलून धरायला उरतो फक्त टायर. टायर ही रबराची आणि हवेची स्प्रिंग आहे, आणि तिला आपला हेलकावा जिरवता जवळजवळ येतच नाही. म्हणजे कमान अडकलेली गाडी कडक दिसते, पण प्रत्यक्षात ती चार चेंडूंवर ठेवलेली असते. ती उडते आणि उडतच राहते. बसणाऱ्याला बारीक हादरे बसतात, आणि त्याच हादऱ्यांनी टायरवरचा भार वर-खाली होत असतो. सरांचा चेहरा उतरायचा तो यासाठी.

त्या काळच्या शॉकअपनीही यात भरच घातली. फ्रान्समध्ये त्रुफो यांच्या कल्पनेतून आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांच्या नावाने जे घर्षणाचे शॉकअप प्रसिद्ध झाले, त्यांची रचना कात्रीसारखी. दोन लोखंडी हात, त्यांच्या सांध्यात चकत्या आणि मधोमध आवळायचा नट. दिसायला सुंदर, उघडायला सोपे. पण घर्षणाची खोड अशी की हालचाल सुरू होतानाच ते सर्वांत जास्त अडवतं, आणि एकदा हालचाल सुरू झाली की वेग कितीही वाढो, विरोध तेवढाच राहतो. गाडीला हवं असतं नेमकं उलट. लहान, संथ हालचालीला मोकळीक द्यावी आणि जोराच्या हालचालीला जोराने आवरावं, हे तेलाने साधतं. बारीक छिद्रातून तेल जितक्या वेगाने ढकलावं तितका त्याचा विरोध वाढत जातो. फ्रान्सच्या मोरिस उदाय यांचे तेलाचे शॉकअप हे तत्त्व घेऊन आले, आणि १९२७ च्या अखेरीस फोर्डने मॉडेल ए काढली तेव्हा तशाच शॉकअपसकट साध्या माणसाच्या गाडीतही आले.

इथे कोणी विचारील, मग बुगातीचं काय? १९२४ साली लिऑनच्या ग्रां प्रीत उतरलेली टाइप ३५ कडक होती, शॉकअप घर्षणाचे होते, तरी तिच्या पकडीची आजही वाखाणणी होते. प्रश्न रास्त आहे. एतोर बुगाती यांनी पुढचा ॲक्सल पोकळ घडवला आणि त्याला आरपार खाचा ठेवून कमानी त्यातून ओवल्या, त्यामुळे ॲक्सल इकडचा तिकडे होत नसे. चाकं ॲल्युमिनियमची, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. सबंध गाडी जेमतेम साडेसातशे किलोंची. कमानीच्या खाली लोंबणारं वजन कमी, म्हणून चाक खड्ड्यातून लवकर परत येतं आणि रस्त्याला धरून राहतं. ती पकड हलकेपणाची आणि अचूकपणाची होती. कडकपणा फक्त तिच्या सोबत होता. नक्कल करणाऱ्यांनी मात्र तो कडकपणाच उचलला, कारण तो सर्वांत स्वस्तात मिळतो.

दुसरं एक कारण चेसिसमध्ये दडलेलं होतं. विंटेज गाडीची चेसिस म्हणजे दोन लांब लोखंडी पन्हळी आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. एक चाक उचललं की ती पिळली जाते. कमान कडक केली की दणका चेसिसमध्ये जातो आणि चेसिसच स्प्रिंग होते. या स्प्रिंगला शॉकअप नसतो. पुढच्या चाकांची दिशा त्या पिळण्याबरोबर बदलते आणि चालवणारा स्टिअरिंगशी झगडत राहतो. व्हिन्चेन्झो लान्चा यांनी १९२२ साली लॅम्ब्डा लोकांसमोर आणली. तिला वेगळी चेसिस नव्हतीच. नावेसारखा एकसंध पत्र्याचा सांगाडा, पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र, उभ्या नळीत वर-खाली सरकणारी, नळीतच स्प्रिंग आणि तेलाचा शॉकअप. सांगाडा पिळला जात नसल्यामुळे कमान मऊ ठेवणं परवडलं, आणि मऊ असूनही गाडी वळणावर विश्वासाने जाई. विंटेज काळ अजून अर्धाही झाला नव्हता, तेव्हाच हे उत्तर रस्त्यावर धावत होतं. तरीही पुढची बारा-पंधरा वर्षं बहुतेक कारखाने आडवा ॲक्सल आणि कडक कमान यांनाच धरून बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ज्या माणसाविषयी बोलण्यासाठी मी हा विषय निवडला, त्याच्याकडे येतो. मोरिस ऑली. जन्म १८८९, वेल्समधला. हेन्री रॉइस यांच्या हाताखाली तयार झालेला हा इंजिनिअर पुढे रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात होता. १९३० साली तो कॅडिलॅकमध्ये गेला.

त्या वेळच्या गाड्यांची पुढची कमान कडक आणि मागची मऊ असे. मागे मालक बसतो म्हणून मागची मऊ, असं कोणालाही वाटेल. पण पुढची कडक ठेवण्यामागे भीती होती. आडव्या ॲक्सलचं एक चाक उचललं की ॲक्सल तिरका होतो. फिरतं चाक भोवऱ्यासारखं असतं, त्याला तिरकं केलं की ते डावी-उजवीकडे वळू पाहतं. मग दुसरं चाक उचलतं, ते उलट वळतं, आणि दोन्ही चाकं थरथरू लागतात. याला शिमी म्हणतात. १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, १९२३ नंतर कमी हवेचे फुगीर टायर आले, आणि हा आजार बळावला. त्यावर उतारा म्हणून कारखान्यांनी पुढची कमान आवळून टाकली. बसणाऱ्यांच्या हाडांनी त्याची किंमत मोजली.

१९३२ साली ऑलीने कॅडिलॅकमध्ये सात माणसं बसतील अशी एक मोठी प्रयोगाची गाडी केली. तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली. पुढची-मागची कमान कमी-जास्त मऊ करता येई आणि वजनं दूर नेऊन गाडीचं डोलणं संथ करता येई. आरामाचं माप कुठल्या यंत्रावर घेतलं नाही. माणसं त्या गाडीत बसून हिंडली आणि अंगाला काय वाटतं ते एकमेकांना सांगत राहिली. शरीराला मोजमापाचं साधन मानण्यात जी नम्रता आहे, ती मला थोर वाटते.

निष्कर्ष रूढ समजुतीच्या अगदी उलट निघाला. पुढची कमान मागच्यापेक्षा मऊ हवी. का, ते बघा. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. दोन्ही चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. मागच्या चाकाला तो सेकंदाच्या साधारण अठरा शतांशांनी उशिरा लागेल. पुढचा भाग सेकंदाला एक हेलकावा घेतो, म्हणजे त्याचा एक फेरा एका सेकंदात पुरा होतो. मागचा भाग सेकंदाला १.२ हेलकावे घेत असेल, तर त्याचा फेरा ०.८३ सेकंदाचा. उशिरा निघाला, पण जलद चालला. दोघांचा फेरा जवळजवळ एकाच क्षणी संपतो. गाडी सपाट वर येते, सपाट खाली जाते. कमानी उलट लावल्या की पुढचं टोक वर असताना मागचं खाली, मग मागचं वर आणि पुढचं खाली. बसणाऱ्याचं डोकं पुढे-मागे फेकलं जातं. टांग्यात बसून ज्यांनी मान आवरली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण पुढची कमान मऊ केली की शिमी परत येणार. म्हणजे आडवा ॲक्सल जायलाच हवा होता. १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र चाकं आली. कॅडिलॅक, ब्युइक आणि ओल्ड्समोबाइलला वर आखूड आणि खाली लांब असे विशबोन आणि गुंडाळलेली स्प्रिंग. चाक वर गेलं तरी फारसं तिरकं होत नाही, म्हणून भोवऱ्याचं भूतच उतरलं. आता पुढचा भाग निर्धास्त मऊ करता येत होता, आणि मऊ चाक रस्ता सोडत नव्हतं. आराम मिळाला त्याच फेऱ्यात पकडही हाती आली.

संघर्ष पूर्णपणे मिटला असं मात्र मी म्हणणार नाही. पुढचा भाग मऊ झाल्यावर गाड्या वळणावर कलू लागल्या. त्यासाठी दोन्ही चाकांना जोडणारी अँटी-रोल दांडी आली. कलंडताना ती पिळली जाऊन विरोध करते, दोन्ही चाकं एकदम उचलली की गप्प राहते. वळणावर गाडीचं पुढचं टोक बाहेर सरकतं की मागचं, यासाठी अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्द आपण वापरतो, तेही ऑलीनेच रूढ केले. खरा झगडा शॉकअपमध्ये राहतो. शरीराला जेवढा विरोध सुखावह वाटतो, त्याहून जरा जास्त विरोध चाकाला शांत ठेवायला लागतो. तो कुठे ठेवायचा हा निर्णय ज्याचा त्याने करायचा.

शर्यतीतही हीच गोष्ट घडली. १९३६ चा हंगाम मर्सिडीज-बेंझला वाईट गेला. रुडोल्फ ऊलेनहाउट हा तिशीचा इंजिनिअर त्यांच्या शर्यत विभागात आला आणि त्याने स्वतः नुर्बुर्गरिंगवर गाडी फिरवून दोष शोधला. चेसिस पिळत होती आणि स्प्रिंगा कडक होत्या. १९३७ ची डब्ल्यू १२५ त्याने उलट बांधली. लंबगोल नळ्यांची ताठ चेसिस, मऊ आणि लांब पल्ल्याच्या स्प्रिंगा, तेलाचे शॉकअप. इंजिन जवळजवळ ६०० अश्वशक्तीचं, आणि त्या वर्षीचं युरोपीय विजेतेपद रुडोल्फ काराचिओला यांनी तिच्यावरच मिळवलं. जिथे आरामाला कोणी विचारत नाही, तिथेही मऊपणाच पकड घेऊन आला. हे उदाहरण सर वर्गात नेहमी देत.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. आमच्या स्नेह्यांकडे फोर्ड मॉडेल ए आहे. या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच कमानी, दोन्ही गाडीच्या रुंदीत आडव्या. गाडी वळणावर कलते म्हणून त्यांनी ती एका गॅरेजात नेली. तिथे जीपला आणि टेम्पोला घालतात तसा मागे एक पाटा वाढवून दिला आणि टायरमध्ये पन्नास पौंड हवा भरली. या गाडीच्या टायरला पस्तीस पौंड पुरतात. कात्रजच्या जुन्या घाटात, उतरणीच्या एका वळणावर, डांबराच्या बारीक लाटांवरून जाताना गाडीचं मागचं टोक टणाटण उडत बाहेर सरकलं. मी चालवत होतो. वेग फारसा नव्हता. कठड्यापासून दीड हातावर थांबलो. शेजारी त्यांची मुलगी बसली होती, आणि तिचा शब्द न बोलता दरवाजाला धरलेला हात मला अजून दिसतो.

दुसऱ्या आठवड्यात कमान उतरवली. मॉडेल एची मागची कमान प्रचंड ताणात असते. स्प्रेडर लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे इथल्या तरुणांना मुद्दाम सांगतो. वाढवलेला पाटा काढला. बाकीचे एकेक सुटे करून गंज खरवडला, खाचा घासून सपाट केल्या, टोकं गोलसर केली, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस लावून परत रचले. एक पाटा फारच झिजला होता, तो तेवढा बदलला. शॅकलचे बुश बदलले. शॉकअपमधलं तेल कधीच सुकलं होतं, म्हणून शॉकअप उघडून तेल भरलं. हवा पस्तिसावर आणली. सामानाचा खर्च फार नव्हता, वेळ मात्र तीन रविवार गेला. त्याच वळणावरून परत गेलो तेव्हा गाडी जरा कलली, चाकं रस्त्यावर राहिली. मुलगी मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसली होती.

गॅरेजने घातलेला तो पाटा आणि मूळ कमानीतला, दुरुस्त न होण्याइतका झिजलेला एक पाटा मी आज बरोबर आणले आहेत. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. झिजलेल्या पाट्यावर, टोकापासून चार बोटं आत, बोट फिरवून बघा, खाच हाताला लागेल. ग्रीस अजून सुकलेलं नाही. बाजूला फडकं ठेवलं आहे.